तांबडी फाक

पावणेबाराला साहेबांचा हात मुख्य बटणाकडे गेला आणि केंद्राचे मास्तर ताडकन उठले. "आत्ता नको, साहेब. तीन मिनिटं थांबा."

किनाऱ्यावरचं हे बिनतारी केंद्र आज कायमचं बंद व्हायचं होतं. जहाजं आता उपग्रहावरून बोलत. मोर्सचं कट्ट-कडकट्ट समजणारे कान हवेत कुणाला? वरून आलेले साहेब सकाळपासून घाईत होते. खाली गाडी उभी होती.

भिंतीवरच्या घड्याळात दोन तांबड्या फाका रंगवल्या होत्या. काटा तिथे आला की समुद्रावरची सगळी जहाजं आणि काठावरची सगळी केंद्रं संदेश थांबवून तीन मिनिटं नुसती ऐकत बसायची. कुणी बुडताना हाक मारत असेल, तर ती गलक्यात हरवू नये म्हणून. तासातून दोनदा. एकतीस वर्षांत मास्तरांनी आपल्या पाळीतली एकही फाक चुकवली नव्हती, आणि आता ही शेवटची.

"अहो, पण हाक मारणार कोण?" साहेब वैतागले. "तिकडे आता चिटपाखरू नाही."

मास्तरांनी हेडफोन कानाला लावला.

निरोपासाठी मास्तरांची बायकोही आली होती. ती साहेबांना म्हणाली, "घरीसुद्धा हेच हो! पावणेआठ झाले की घास हातात आणि हे गप्प. सासूबाईंना वाटायचं, मीच काहीतरी बोलले." मग तिने नवऱ्याच्या कानावरून हेडफोन काढून घेतला. "बघू तरी, ही सवत एवढं बोलते काय!"

तिने ऐकलं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी नुसती चरचर.

"काहीच तर ऐकू येत नाही."

"तेच ऐकायचं असतं गं," मास्तर म्हणाले. "काही ऐकू आलं नाही, म्हणजे सगळे सुखरूप."

ती हेडफोन परत द्यायलाही विसरली.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा बटणाकडे हात नेला.

तिने एका हाताने हेडफोन कानावर घट्ट दाबला आणि दुसऱ्या हाताने साहेबांचं मनगट धरलं.

"श्शू... अजून एक मिनिट आहे."