चावीतलं मीठ

दोन हातांवरून चावीचं बटण दाबलं तर गाडी बोलली. चार हातांवरून गप्प.

“अजून लग्न झालं नाही तुझं, आणि गाडी आत्तापासूनच रुसायला लागली,” धर्माजी म्हणाले.

सिद्धेश हसला. चावी काउंटरवर ठेवून बाकड्यावर टेकला. “आधी इथे बसून दाबली तरी गल्लीच्या टोकाला आवाज द्यायची, काका. आता दाराला चिकटावं लागतं. सेल दोनदा बदलून झाला.”

मोबाइल आणि रिमोट दुरुस्त करायचं हे दुकान म्हणजे धर्माजींच्या मुरुडमधल्या घराचीच पुढची खोली. आवाज ऐकून त्यांची बायको जयमाला आतून आली आणि सिद्धेशशेजारी बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“खारं पाणी गेलं आसंल आत,” ती म्हणाली. “त्या दिवशी खिशातच व्हती ना रे?”

“हो काकी. खिशातच.”

त्या दिवशी, म्हणजे पाच महिन्यांपूर्वी. धर्माजींचा मुलगा सम्यक खाडीच्या तोंडाशी ओढला गेला आणि त्याचा हा मित्र अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्यामागे पाण्यात शिरला. सिद्धेश परत आला, हे सगळं त्यानेच सांगितलं; तिथे तिसरं कुणी नव्हतं. सम्यक सापडलाच नाही. तेव्हापासून सिद्धेश दर रविवारी येतो आणि जयमाला दर रविवारी तेच विचारते.

“हाताला लागला व्हता ना तो?”

“लागला होता, काकी. बोटं लागली. मग लाट आली.”

हे ऐकलं की त्या दिवशी ती जेवते. एरवी दोन घास खाऊन ताटावरून उठते. माझा पोरगा एकटा न्हाय गेला, कुणीतरी गेलं व्हतं त्याच्यामागं, असं ती शेजारणींना सांगते, झोपताना स्वतःलाही सांगते. ज्याने पाण्यात हात पुढे केला त्यालाच तिला आपली मुलगी द्यायची होती. रचना मात्र दोन महिने ‘विचार करते’ म्हणत होती. कसला विचार, ते तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. मन घेत नाही, एवढंच.

धर्माजींनी पात्याने चावीची शिवण उकलली. “मधूनमधून दुसरी चावी वापरतोस का?”

“एकच आहे, काका. जुनी गाडी घेतली ना, दुसरी मिळालीच नव्हती.”

जयमाला पुढे झुकली. “आत मीठ धरलं आसंल तिच्या. त्यातलं थोडं मला द्या, कागदात बांधून. पूजा न्हाय करायची मला. नुसतं ठेवीन. माझा सम्यक ज्या पाण्यात हाय त्या पाण्याचं हाय ते. दुसरं काय ऱ्हायलंय माझ्याकडं?”

धर्माजींनी डोळ्याला भिंग लावलं. समुद्रात पडलेले फोन त्यांनी किती उघडले होते त्याला गणती नव्हती. दर सुटीत पर्यटक आणून द्यायचे. खारं पाणी आठ दिवसांत तांबं हिरवं करतं. कडेला पांढरं बुरशीसारखं काहीतरी धरतं. वास तर खोलताक्षणी नाकात येतो.

इथे वास नव्हता. आतली सर्किटची पट्टी कारखान्यातून आजच आल्यासारखी लखलखीत होती. दोष एवढाच, की जाड सेलच्या जागी कुणीतरी पातळ सेल बसवला होता. तो जागेवर हलत होता.

ही चावी कधी पाण्यात गेलीच नव्हती.

त्यांनी मान वर केली. सिद्धेश स्वतःच्या चपलांकडे बघत होता. जयमालाचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता, वरून खाली, वरून खाली, तापातल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा.

“निघालं का?” तिने विचारलं.

“आतून खरवडून आणतो,” धर्माजी म्हणाले आणि पट्टी तळहातावर घेऊन उठले.

स्वयंपाकघरात रचना बाहेरचं बोलणं ऐकत चहा टाकत होती. दहावीपासून ती दुकानात बसायची. खाऱ्या पाण्यातून आलेले फोन साफ करायचं काम तिचंच. तिने पट्टी घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, नाकाशी नेली.

“ही तर कोरडी आहे, बाबा.” तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पाच महिन्यांत तो असा दिसला नव्हता. “म्हणजे सिद्धेश पाण्यात गेलाच नव्हता! काठावरच उभा होता. बाबा, चला, आईला सांगू या.”

धर्माजींनी मिठाची बरणी ओट्यावर घेतली. चिमूटभर मीठ कागदावर टाकलं आणि घडी घातली.

“बाबा?”

“काय सांगू तिला?” ते हलक्या आवाजात म्हणाले. “तुझा पोरगा एकटाच गेला म्हणून?”

पट्टी घेऊन ते बाहेर गेले. जाड सेल घातला, चावी बंद केली, बटण दाबलं. गल्लीच्या टोकाला गाडी लगेच बोलली. सिद्धेशने चावी घेतली, पण वर पाहिलं नाही. कागद त्यांनी जयमालाच्या हातात दिला.

तिने घडी उलगडली. एक कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग कागद मुठीत धरून उठली आणि आत गेली. धर्माजी तिच्यामागोमाग दारापर्यंत आले.

“हे बघ, बाय,” तिने मूठ रचनापुढे उघडली. “आता तरी हो म्हन.”

रचनाने आईच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. वडील चौकटीला धरून उभे होते. त्यांची मान खाली होती.

“हो,” रचना म्हणाली आणि मिठाच्या बरणीला झाकण लावलं.