पाखरं बघा

"पुन्हा हरवला गोळा," रणधीर म्हणाला आणि डोळ्यांवरचा व्हीआरचा डबा काढून त्यानं पलंगावर ठेवला.

डब्यात दिसणारा खेळ समोरच्या टीव्हीवरही उमटायचा; शिवांजलीनं तिकडं बघितलं. पडद्यावर ज्वारीचं रान तसंच उभं होतं आणि पाखरं निवांत कणसं टिपत होती.

रणधीरचं तुळजापुरात गेमचं दुकान होतं. दर्शन उरकलेली पोरं तिथं डोळ्यांवर डबा चढवून खेळायची. कंपनीचे कंट्रोलर महाग, आणि पोरं ते भिंतीवर आपटून फोडायची. अणदूरची एक मुलगी घरीच स्वस्तातला कंट्रोलर बनवते असं ऐकून तो आज आला होता.

तिनं अजून एकच तयार केला होता. वीतभर पाइप, आणि टोकाला लिंबाएवढा पिवळा गोळा. आत वायर नाही, बटण नाही. डब्यात मोबाईल बसवायचा. त्याचा कॅमेरा समोरचा पिवळा रंग शोधायचा, आणि तो जिकडं फिरेल तिकडं खेळातली गोफण फिरायची. हात झटकला की दगड सुटायचा.

"हळू फिरवलं की बरोबर चालतंय," शिवांजली म्हणाली.

"हळू गोफण कोण फिरवतं, ताई? माझी गिऱ्हाइकं हात खांद्यातनं निघंल असं खेळत्यात. जोरात फिरवलं की तुमचा गोळाच कॅमेऱ्याला गावंना."

शिवांजलीनं त्याच्याकडून कंट्रोलर घेऊन गोळा पुसून बघितला. वडिलांनी साफ सांगितलं होतं. हा माणूस तसाच परत गेला तर पाइपांचा पसारा आवरायचा आणि सोमवारपासून नळदुर्गला पतसंस्थेत कामाला जायचं.

दाराशी शाल पांघरून बसलेले तिचे आजोबा, हणमंतप्पा, खाकरले.

"आणा हिकडं. म्या फिरवून दावतो."

"आबा, तुमचा हात..."

"फिरतोय की! बधिर झालाय, मेला न्हाय."

अर्धांगाच्या झटक्यातून ते उठले होते. उजवा हात पुन्हा हलू लागला, पण पंजात जाण आली नाही. कपबशी हातातून सुटली हे त्यांना ती फुटल्यावर कळायचं. त्यामुळं शिवांजलीची आजी, मथुराबाई, त्यांना आता स्टीलच्याच पेल्यात चहा द्यायच्या. पण झटक्याआधी रानातल्या माळ्यावर गोफण घेऊन उभे राहून त्यांनी आख्ख्या शिवाराची ज्वारी राखली होती. हा खेळ शिवांजलीनं त्यांच्यासाठीच बनवला. बोटाला बटण लागत नाही म्हणून तिनं बटणच ठेवलं नाही.

कंट्रोलर हातात आला तसे हणमंतप्पा उठले आणि आतल्या खोलीकडं वळले.

"आता कुठं, आबा?" रणधीरनं विचारलं.

"देवाम्होरं. पेरायची नवी पाभर आणली तरी भंडारा लावल्याबिगर म्या रानात घातली न्हाय. ह्याला लावला व्हता का कुणी? मग गोळा हरवंल न्हाय तर काय हुईल?"

"लावा, लावा. खंडोबाची गॅरंटी मिळाली तर मला दुसरी नको."

आतून "येळकोट येळकोट" ऐकू आलं. थोड्या वेळानं हणमंतप्पा शालीत हात घेऊन बाहेर आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. शिवांजलीनं मागून त्यांच्या डोळ्यांवर डबा बसवला.

"नीट धरलंय ना, आबा?"

"लई घट्ट. आता दोघंबी टीव्हीकडं तोंड करून बसा. माझा हात बघू नका, पाखरं बघा."

दोघं टीव्हीसमोर बसले. मागं शाल खाली पडल्याचा आवाज आला.

पडद्यावरची गोफण फिरू लागली. आधी हळू, मग इतकी जोरात की शिवांजलीनं श्वास रोखला. इथंच गोळा हरवायचा. हरवला नाही. दगड सुटला आणि बांधावरचा पोपटांचा थवा भर्रकन उठला. दुसरा थवा चिंचेकडून आला. गोफण वळली, झटका बसला, तोही उठला.

"हाऽऽऽ हुर्र!" हणमंतप्पांनी आरोळी ठोकली.

रणधीर गुडघ्यावर आला. "आयला, एकदा बी अडकंना की!"

शेवटचं पाखरू उडालं आणि कणसांनी भरलेलं रान पडद्यावर डोलत राहिलं. शिवांजलीला ते नीट दिसत नव्हतं. तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"काय केलंत, ताई? मघाशी मला चालंना, आणि आबांच्या हातात असं?"

"भंडारा!" हणमंतप्पा मागून गरजले. डबा अजून त्यांच्या डोळ्यांवरच होता. "आन माझी नात! कंपनीला जमलं न्हाय ते हिनं घरात बसून केलंय. हिच्या बापाला सांगा, पतसंस्थेत दुसरं कुणी बी बसंल म्हणावं. आन किती हलकं केलंस गं पोरी! हातात काय हाय असं वाटतच न्हाय."

शिवांजली हसली.

"वीस करून द्या," रणधीर म्हणाला. "माझ्या एकट्याचं न्हाय, सोलापूरच्या मेव्हण्याला बी दावतो. पण आबांनी फिरवला तो मी आजच नेणार. काउंटरवरच ठेवतो. ज्यानं एक कणीस खाऊ दिलं न्हाय, तो हा, असं सांगंन सगळ्यांला."

"न्या की! नातीचं नाव सांगा फक्त."

आतून मथुराबाईंचा आवाज आला. "शिवे, दिवा लावायला जागा न्हाय इथं. तुझं ते पाइपाचं दांडकं देव्हाऱ्यात कुणी ठिवलं?"

"घ्या," म्हणत हणमंतप्पांनी ऐटीत हात पुढं केला आणि मूठ उघडली. मनगटापर्यंत भंडाऱ्यानं पिवळ्याधमक झालेल्या पंजात काहीच नव्हतं.