निरोगी माणसांची यादी

हृदय आणि फुप्फुसांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेतला शिपाई दरवर्षी यंत्राच्या नळीत फुंकायचा. रुग्णांशी तुलना करायला निरोगी माणसंही लागत. त्या यादीत त्याचं नाव अकरा वर्षं होतं. बायकोने खोकल्याचा विषय काढला की म्हणायचा, "सरकारदरबारी ठणठणीत आहे मी!"

यंदा मात्र फुंकताना त्याला धाप लागली. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि त्याच्या नावावर काट मारली.

"निरोगी लोकांतून काढलं मला," घरी येऊन तो म्हणाला.

"मग आजाऱ्यांत घेतलं असेल की! औषधपाणी तरी सुरू होईल," बायकोला हायसं वाटलं.

"ती यादी केव्हाच भरलीय. माझ्या जागी घरातलं कुणी धडधाकट असलं तर पाठवा, म्हणाल्या बाई."