कुडपणला नेट पोचलं

“गावाचं नाव मला सांगू नका,” यशराज म्हणाला. “मला काय करायचंय? तिथे रेंज येते का, एवढंच सांगा.”

श्रुतिकाला ते फार आवडलं. पोलादपुरात खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिची संस्था होती. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना आसरा द्यायचा, त्यांच्यासोबत कोर्टकचेरी करायची, असं तिचं काम. इथे ज्याला त्याला दुसऱ्याच्या घरात डोकवायची हौस, आणि हा माणूस स्वतःहून सांगू नका म्हणत होता.

“येते. पण मागच्या पडवीतच.”

“मग टेबल पडवीत मांडा. झालं काम.”

त्या पडवीत बसून पूजा काम करणार होती. शिमग्याच्या सुमारास ती अंगावरच्या साडीनिशी संस्थेत आली, फोनसुद्धा घरी टाकून. त्याआधी दोनदा माहेरच्यांनी समजूत घालून तिला नवऱ्याकडे परत धाडलं होतं. श्रुतिकाने तिला वर कुडपणला नेऊन येसूबाईंकडे ठेवलं. येसूबाई एकट्या, घर वाडीपासून जरा लांब. पूजाला टायपिंग येत होतं. संस्थेचे फोन घेणं, नोंदी करणं तिथूनच जमलं असतं, तर ती स्वतःच्या पायावर उभी राहिली असती. नाहीतर तिला परत जावं लागणार होतं. ती स्वतःच तसं म्हणायची. “ताई, दुसऱ्याच्या चुलीवर किती दिवस जेवू?” ते ऐकून श्रुतिकाचा जीव तुटायचा.

म्हणून तिने फेसबुकवर लिहिलं: घरून काम करण्यासाठी कॉम्प्युटर, नेट जोडून देणारं कुणी आहे का? आणि यशराज आला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशातली गत. कामात हुशार, मोबदला नको, वर आपल्याच भागातला. गाव विचारलं तर पाचाड. कुणापैकी म्हणून विचारलं तर त्याने थेट आजोळापर्यंत नेलं, आणि त्यात श्रुतिकाच्या मावशीच्या दिराची ओळख निघाली. मग चहा आला. एवढं झाल्यावर कुणाकडे ओळखपत्र मागणं म्हणजे आपल्याकडे अपमानच.

काम मात्र चोख होतं. त्याने सगळ्या फायली ऑनलाइन चढवल्या, प्रत्येकीला वेगळा पासवर्ड दिला. पूजासाठीचा लॅपटॉप चोरीला गेलाच, तर तो कुठे आहे ते कळेल अशीही सोय केली. “डोंगरातलं घर, एकटी बाई. काळजी घेतलेली बरी,” तो म्हणाला.

त्याच दुपारी जिन्यावर पावलं वाजली. यशराज टेबलाखाली शिरून वायरी बांधत होता. दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला.

“मी रावजी. पूजाचा बाप.”

श्रुतिका उठून दारातच आडवी उभी राहिली.

“तिला एकदा फोन लावून द्या ताई. एक गोष्ट सांगायची हाय.”

“मला सांगा. मी पोचवते.”

“नाय, तिलाच सांगायची हाय.”

“हर्षदने पाठवलंय ना तुम्हाला?”

जावयाचं नाव ऐकताच म्हाताऱ्याने हात जोडले. “त्याचं नाव काढू नका. पोर मेली का जिती, तेवढं तरी सांगा.”

श्रुतिकाला गलबलून आलं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बापांची रडणी तिने पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या सासरच्या जीपाही.

“सुखरूप आहे. पण इथे नाही. या तुम्ही.”

रावजी जिना उतरून गेला.

“गेले?” टेबलाखालून यशराजने विचारलं.

“गेले.”

तो घाम पुसत बाहेर आला. “बरं केलंत. बाप झाला म्हणून काय झालं!”

दुसऱ्या दिवशी श्रुतिका स्वतः लॅपटॉप घेऊन कुडपणला गेली, पूजाला सगळं दाखवून संध्याकाळी परतली. सकाळी ऑफिसातून पहिला व्हिडिओ कॉल लावला. यशराज स्क्रीनच्या मागे उभा राहिला.

“मी समोर नको. नवखा पुरुष बघून बुजेल ती. आणि दोघं बोललो तर आवाज घुमतो,” असं सांगून त्याने सगळ्या सूचना हाताच्या खुणांनीच केल्या.

स्क्रीनवर पूजा उमटली. “ताई, दिसतेय का गो मी?” ती हसत होती. तिला हसताना श्रुतिका पहिल्यांदाच बघत होती. तिने ओढणीने डोळे टिपले. वर पाहिलं तर यशराजचेही डोळे भरून आले होते. असे पुरुष असतात म्हणून जग चाललंय, असं तिला वाटलं.

सोमवारी खरं काम सुरू झालं. महाडला काम आहे, येत नाही, असा यशराजचा मेसेज होता. पूजा वेळेआधीच स्क्रीनवर हजर झाली. तिने पहिला फोन घेतला, माणगावच्या एका बाईला धीर दिला, नोंद केली. एकदाही अडखळली नाही. श्रुतिकाच्या मनावरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात तिकडे कडी वाजली.

“येसूबाई असतील. विळा विसरल्या वाटतं,” म्हणत पूजा उठली.

तिने स्क्रीनवर मागे दिसणारं पडवीचं दार उघडलं. दारात यशराज होता, हातात हेल्मेट. श्रुतिकाला नवल वाटलं, आणि आनंदही. नेट नीट चाललंय का ते बघायला गडी विचारत विचारत वरपर्यंत गेला!

“पूजा, घाबरू नकोस,” ती माइकमध्ये म्हणाली. “हे आपले यशराज. यांनीच तर सगळं जोडून दिलंय.”

पूजाने मागे वळून पाहिलं नाही. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

“अहो, मारू नका,” ती म्हणाली. “येते मी घरी.”