बुजवलेल्या विहिरीतली शिंक

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच वर्षीच्या दुष्काळात मुरुडच्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला विरूपाक्ष वर आलाच नाही. दरड कोसळताच कामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं विहीर घाईघाईनं बुजवली आणि विरूपाक्षच पळून गेला असं गावभर सांगितलं.

विरूपाक्षाची बायको दानम्मा तपकीर कुटून विकायची. ती कुटायला बसली की बुजवलेल्या जागेतून शिंक ऐकू यायची.

एका दुपारी तिनं गुत्तेदाराला ओढतच तिथं आणलं.

"मेल्या, माझे धनी पळून गेले म्हंतोस? मग ऐक!"

तिनं मूठभर तपकीर मातीवर फेकली. खालून शिंक आली. नवऱ्याची शिंक तिनं लगेच ओळखली.

गुत्तेदार तोंड उघडणार, तोच खालून आणखी शिंका आल्या, वेगवेगळ्या माणसांच्या.

विहिरीत तर विरूपाक्ष एकटाच उतरला होता.