मालात माती

“माती खाल्लीस, सूनबाई!” आमच्या स्विचबोर्डांच्या कारखान्यात ती प्लास्टिकमध्ये चक्क चिकणमाती मिसळत होती. मी तिच्याकडून कारखान्याच्या किल्ल्याच हिसकावल्या. आमच्या ह्यांनी जन्मभर भेसळ केली नाही!

“रागवा, आई, पण आधी हे बघा.” तिनं दोन पट्ट्यांना काडी लावली. साधी पट्टी जळत, थेंबथेंब गळत संपली. मातीवालीवर काळी खपली धरली. थेंब पडला नाही, आग मंदावली.

माझं डोकंच चालेना. भेसळीनं माल नासतो. मग हा सुधारला कसा?

“तुमची मातीची चूल कधी जळाली का, आई?”

“गप्प बस. मला शिकवू नकोस.”

किल्ल्या तिच्या हातावर आपटल्या आणि घरी आले. अजून कोडं सुटत नाही: माती घातली तिनं, मग खाल्ली कुणी?