एका मांड्यापुरता जोर

आखाजीच्या दिवशी बयाबाईनं सकाळपासून काहीच केलं नाही, आणि तेही अगदी मन लावून केलं.

सून मनीषानं तिला अंघोळ घातली, केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधला, घास भरवले. नवऱ्यानं, मोतीरामनं, तर वाकून तिच्या पायात चपला सरकवल्या. सणाला माहेरी आलेली नणंद सुलाबाई ओसरीवरून बघत होती.

"दादा, बैल दमला तर औताला स्वतः खांदा लावणारी आमची वहिनी! आता चप्पलबी जड झाली व्हय?"

"केमो चालू हाय तिची," मोतीराम म्हणाला. "हा थकवा झोपूनबी जात नाय. नाशिकच्या नर्सबाईंनी सांगितलंय, आहे तेवढा जोर एका आवडीच्या कामाला राखा."

"मग कशाला राखलाय?"

बयाबाई उठली आणि अंगणात चुलीपुढच्या खुर्चीत जाऊन बसली. मोतीरामनं आदल्या दिवशीच विटा रचून चूल कमरेएवढी केली होती. वर पालथं खापर तापलं होतं.

"खुर्चीत बसून मांडे? पाटाला काय झालं?"

"पाटावरून उठायला जो जोर लागतो ना वन्सं, तो हातात घेतलाय."

बयाबाईच्या मांड्यातून सप्तशृंगीचा डोंगर दिसायचा, असं कळवणात सांगतात. लोक वाढवून सांगतात. डोंगर कसला, नुसत्या पायऱ्या मोजता यायच्या.

मनीषानं पुरण भरलेली पोळी तिच्या हातांवर ठेवली. बयाबाई ती या हातावरून त्या हातावर झेलू लागली. पोळी मनगटावर उतरली, मग कोपरापर्यंत पसरली. डावीकडून ती जरा जास्तच खाली ओघळली. मोतीराम पुढं सरकला. फाटली असती तर दुसरीपुरता जोर नव्हता.

फाटली नाही. बयाबाईनं मांडा क्षणभर उन्हात धरला. त्यातून सुलाबाईचं उघडं राहिलेलं तोंड दातांसकट दिसलं.

मग मांडा खापरावर गेला आणि बयाबाई खुर्चीत मागं रेलली.

"एकच?" सुलाबाईनं हळूच विचारलं.

"एकच. आता ऊन उतरेपर्यंत मी हलायची नाय. आळशी म्हणायचं तर गावभर म्हणा, वन्सं." बयाबाईनं डोळे मिटले. "पण आधी मांडा उतरवा. करपंल."